पाणी कुठे मुरतंय?

आपल्याकडे नदीतून जेसीबीच्या बकेटमध्ये जे येतं त्याला एकच नाव आहे, गाळ. गोटे असोत, रेती असो, काळी चिकणमाती असो, अंदाजपत्रकात सगळं घनमीटरमध्ये 'गाळ'. मला या शब्दाचाच राग आहे. भाजीवाल्याने वांगी, लिंबं आणि मेथी एका भावाने तोलली तर आपण भांडू; नदीच्या बाबतीत मात्र टाळ्या वाजवतो.

आधी थोडी मोजमापं (कंटाळू नका मंडळी, पुढे लागणार आहेत). भारतीय मानकाप्रमाणे ४.७५ मिमीच्या वर तो गोटा-खडा, त्याखाली ०.०७५ मिमीपर्यंत रेती, तिथून ०.००२ मिमीपर्यंत पोयटा आणि त्याहून बारीक ती चिकणमाती. आमची काळी जमीन बरीचशी या शेवटच्या गटातली. नांगरट झाली, पहिला पाऊस पडला की ही माती नाल्यात आणि नाल्यातून नदीत.

आता एक घरगुती प्रयोग. पातेल्यात लिंबं भरा आणि वरून हरभरे ओता. बहुतेक हरभरे वरच्याच थरात अडकतील. दार बंद, आतली खोली रिकामी. त्याऐवजी खसखस ओता. ती सरळ तळाला जाईल आणि खालून वर पातेलं भरत येईल. नदीतल्या गोट्यांचंही हेच. बारीक कण किती आले यापेक्षा ते गोट्यांच्या फटींच्या मानाने केवढे आहेत यावर ठरतं की नदीचं तोंड बंद झालं की पोट भरलं. तोंड बंद असेल तर उन्हाळ्यात वरचा थोडा थर खरवडला तरी काम होतं. पोट भरलं असेल तर गोटे हलवणारा मोठा पूरच लागतो, आणि चंद्रभागा, शहानूर, वान या नद्यांवर आपण धरणं बांधून त्या पुराचा जोर आधीच कमी केलाय.

अमेरिकेत अॅलन हेझन नावाच्या इंजिनियरने १८९० च्या दशकात पाणी गाळायच्या रेतीवर प्रयोग करून एक ढोबळ नियम काढला. वजनाने सर्वांत बारीक असलेले दहा टक्के कण ज्या मापाखाली येतात, त्या मापाच्या वर्गावर पाण्याचा पाझर अवलंबून असतो. म्हणजे ते माप दहापट बारीक झालं की पाझर शंभरपट कमी! नव्वद टक्के माल तसाच ढोबळ असला तरी. वरून बघणाऱ्याला नदी गोट्यांचीच दिसते. तिकडे सामन माशांची अंडी गोट्यांत गुदमरतात म्हणून या विषयावर ढीगभर अभ्यास झाला. आपल्याकडे गुदमरतात त्या विहिरी, पण चाळणी घेऊन नदीत उतरायला कोणी तयार नाही.

वऱ्हाडात हे जास्त महत्त्वाचं का? सातपुड्यातून उतरणारे नाले पायथ्याशी आपला जाड माल टाकतात, अचलपूर-अंजनगाव ते तेल्हाऱ्यापर्यंत. पाणी मुरायची खरी जागा ती. तिथून दक्षिणेला पूर्णेकडे जावं तसे कण बारीक होत जातात आणि पुढे खारपाणपट्टा, जिथे विहिरीचं पाणी पिण्याच्या लायकीचं नाही. म्हणजे गोड्या पाण्याची आमची टाकी भरायची चाळणी एका अरुंद पट्ट्यात आहे, आणि तीच आम्ही खणून रस्त्यावर पसरतोय.

डिसेंबर २०१४ मध्ये जलयुक्त शिवार सुरू झालं तेव्हापासून खोलीकरणाचं वेड आहे. शिरपूरला सुरेश खानापूरकरांनी नाले खोल केले, त्याला विरोध करण्याचं कारण नाही. वर चिकणमातीचा जाड थर आणि खाली रेती असेल तर तो थर फोडायलाच हवा. पण जिथे वरतीच गोटे आहेत तिथे फोडायचं काय? गोटे गेले, खड्डा झाला, त्यात गढूळ पाणी थांबलं. वाहत्या पाण्यात जी चिकणमाती पुढे गेली असती ती थांबलेल्या पाण्यात सावकाश खाली बसते आणि तळाला साय धरते. उन्हाळ्यात तिचे पोपडे निघतात, ते बघितलेच असतील तुम्ही.

आणि मग ते फोटो! मार्चमध्येही नाला तुडुंब, यशोगाथा वगैरे. अहो, मुरवण्यासाठी अडवलेलं पाणी मार्चपर्यंत जागेवर आहे म्हणजे बहुतेक ते मुरलेलं नाही. किंवा खड्डा भूजलाच्याही खाली गेलाय आणि आपण जमिनीतलं पाणी वैशाखाच्या उन्हाला उघडं करून ठेवलंय. दोन्हींत पेढे वाटण्यासारखं काय आहे? पलीकडच्या विहिरीची पातळी मोजा, मग फोटो पाठवा.

१० मे २०२५ ला भोपाळमध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाने तापी महापुनर्भरण प्रकल्पाचा करार केला. त्याची सगळी भिस्त याच पायथ्याच्या पट्ट्यावर आहे. पावसाळ्यातलं पाणी कालव्यांनी तिथे आणून मुरवायचं. कल्पना चांगली आहे. पण पावसाळ्यातलं पाणी एकटं येत नाही, माती घेऊन येतं. ती किती मायक्रॉनची, ती कुठे बसवून मग पाणी सोडणार, मुरण्याच्या जागेची साय दरवर्षी कोण खरवडणार आणि त्याचे पैसे कोणत्या खात्यातून, हे आजच विचारायला हवं. चाळण्यांचा एक संच, एक तराजू आणि नदीत दिवसभर उभा राहणारा एक ओव्हरसियर, एवढाच खर्च आहे. जेसीबीच्या एका दिवसाच्या डिझेलमध्ये बरेच नमुने चाळून होतील.