म्हणे, आपखुशीने कोंडून घेतले!

इंग्लंडातल्या ब्रॅडफर्डचे पाकिस्तानी म्हणे आपण होऊनच एका कोपऱ्यात राहिले! २००१ च्या दंगलीनंतर तिकडच्या शहाण्यांनी हा शोध लावला. अहो, मंगला धरणात मीरपूरकडची गावे बुडाली. तिथले कित्येकजण इथल्या लोकरीच्या गिरण्यांत रात्रपाळी करू लागले. त्यांना घर कोणी दिले? भाड्याच्या खोल्यांवर ‘काळ्यांना जागा नाही’ अशा पाट्या झळकत! (आडनाव विचारून जागा नाकारणाऱ्या आमच्या मुंबईकरांना यात नवल ते काय?) घरांबाबतच्या या भेदभावाला कायद्याने बंदी आली ती १९६८ साली. तोवर बिचाऱ्यांनी भाऊबंदांकडून उसनवारी करून मॅनिंगहॅममधली जुनाट घरे विकत घेतली. मग ही आवड म्हणायची की नाइलाज? पुढे ज्यांच्या हाती पैसा आला, ते हीटनसारख्या उपनगरांत राहावयास गेलेच की!