नानाची माफी

मुरुडच्या नानाने पडद्यावर उभी केलेली माणसं सहसा माफी मागत नाहीत. आवाज चढवतात, हात उचलतात, जीवही देतात, पण ‘चुकलं माझं’ म्हणताना त्यांची जीभ अडते.

1 जानेवारी 1951 ला मुरुड-जंजिऱ्यात जन्मलेला विश्वनाथ ऊर्फ नाना पाटेकर लहान वयात सिनेमाची पोस्टरं रंगवायचा. पुढे तो जे. जे.त उपयोजित कला शिकला, जयवंत दळवींच्या ‘पुरुष’मधून रंगभूमीवर गाजला आणि ‘अंकुश’, ‘परिंदा’, ‘क्रांतिवीर’ करत हिंदी सिनेमात पोचला. राग ही त्याची पुंजी.

1996 साली मात्र गंमत झाली. एकाच वर्षी तो मनीषा कोईरालाचा नवराही झाला आणि बापही! ‘अग्निसाक्षी’तल्या नवऱ्याचं नावसुद्धा विश्वनाथच. बायकोवर आपलं जिवापाड प्रेम आहे याची त्याला पक्की खात्री. तिच्या भीतीशी मात्र त्याला काही देणंघेणं नाही. या भूमिकेने नानाला तिसरा राष्ट्रीय पुरस्कार दिला. ‘खामोशी’तला जोसेफ मूकबधिर. लग्नाआधी गरोदर राहिलेल्या मुलीला तो घराबाहेर काढतो, आणि तिने आपल्या बाळाला गेलेल्या भावाचं नाव दिल्यावर विरघळतो. संजय लीला भन्साळीने पहिल्याच सिनेमात या बोलघेवड्या नटाचं तोंड बंद ठेवलं आणि त्याच्याकडून फक्त हातांनी, चेहऱ्याने पश्चात्ताप वदवून घेतला. पुरस्कार ‘अग्निसाक्षी’ला मिळाला असला तरी अवघड काम हे होतं.

पडद्याबाहेर माफीची वेळ आली ती नोव्हेंबर 2023 मध्ये, वाराणसीत. मुलांनी टाकून दिलेल्या म्हाताऱ्या बापाच्या गोष्टीचं, ‘वनवास’चं चित्रीकरण चालू होतं. सेल्फी घ्यायला आलेल्या एका पोराच्या डोक्यात नानाने चापट मारली आणि ती चित्रफीत देशभर फिरली. नानाने व्हिडिओ काढून खुलासा केला: दृश्याची तालीम सुरू होती, मुलगा आपल्याच युनिटमधला वाटला, गैरसमज झाला. माफीही मागितली. चाहत्याचं प्रेम एकतर्फी असतं, म्हणून तिथे अहंकार लवकर गिळायला हवा. नानाने दिवस घालवले नाहीत, हे चांगलंच. खुलासा आधी आणि माफी मागून, हा क्रम तेवढा उलटा हवा होता. पण तो क्रम घरोघरी तसाच असतो. भांडणानंतर नवरा आधी आपली बाजू मांडतो, आणि बायको ती ऐकता ऐकता भाजी चिरत राहते.

माफीला उशीर झाला की काय होतं, ते ‘नटसम्राट’मध्ये दिसतं. शिरवाडकरांचं हे नाटक 1970 मध्ये डॉ. श्रीराम लागूंनी रंगमंचावर आणलं. महेश मांजरेकरांच्या सिनेमातून नानाचे अप्पा बेलवलकर 2016 च्या 1 जानेवारीला, म्हणजे त्याच्या वाढदिवशीच, प्रेक्षकांसमोर आले. घरदार, पैसा मुलांना वाटून टाकण्याची हौस अप्पांची, भोग मात्र नवरा-बायको दोघांच्या वाट्याला. पोटच्या मुलीने चोरीचा आळ घेतल्यावर दोघं घर सोडतात. मुलं पश्चात्तापाने शोधत येतात तेव्हा कावेरी, अप्पांची ‘सरकार’, वाटेतच गेलेली असते. ज्या बाईने सगळ्यात जास्त सोसलं, तिच्यापर्यंत ती माफी पोचतच नाही.

या सिनेमातली स्वगतं लोकांना पाठ आहेत, कावेरीच्या जागा फारशा कुणाला आठवत नाहीत. पुन्हा पाहाल तेव्हा नानावरून नजर जरा काढा आणि मेधा मांजरेकर काय करतात ते बघा.