कुलूप लावले, पण कोणाच्या दाराला?

२००६ मध्ये डेबियन लिनक्समधील ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीच्या पॅकेजमधून कोडच्या मोजक्या ओळी काढल्या गेल्या. मेमरी तपासणारे साधन त्यांच्याबद्दल इशारे देत होते, कारण एवढेच. पण त्या ओळींबरोबर यादृच्छिक संख्यांचे बीजच गेले. उरला फक्त प्रोसेसचा क्रमांक. म्हणजे एका प्रकारच्या, एका लांबीच्या किल्ल्या बनणार त्या फार तर ३२,७६८. मे २००८ मध्ये हे उघड झाले, तोवर अशा किल्ल्या जगभरच्या सर्व्हरवर बसल्या होत्या.

या अंकापासून ओपनएसएसएलवरील लेखमाला सुरू होत आहे. एरिक यंग आणि टिम हडसन यांच्या जुन्या लायब्ररीतून १९९८ च्या डिसेंबरमध्ये हा मुक्तस्रोत प्रकल्प उभा राहिला. एईएस, आरएसए, शा-२५६ असे अल्गोरिदम लिबक्रिप्टोत, टीएलएसची बोलणी लिबएसएसएलमध्ये, आणि हाताशी एक कमांड, अशी त्याची मांडणी.

डेबियनची चूक पॅकेज बनवताना झाली होती; २०१४ च्या ‘हार्टब्लीड’ प्रकरणात मात्र दोष लायब्ररीचाच होता. समोरच्याने सांगितलेली लांबी न तपासल्याने एका विनंतीत सर्व्हरच्या मेमरीतील ६४ केबीपर्यंत मजकूर बाहेर पडे. तो दोष १.०.१जी आवृत्तीने बुजवला.

लायब्ररी वापरणाऱ्याच्या हातून होणारी चूक मात्र कोणत्याही नव्या आवृत्तीने बुजत नाही. ओपनएसएसएलमध्ये क्लायंट लिहिताना प्रमाणपत्राची पडताळणी आपण चालू करावी लागते. मूळ सेटिंगवर सोडले, तर प्रमाणपत्र खोटे निघाले तरी हँडशेक पुरा होतो. पडताळणी चालू केली, पण अपेक्षित होस्टनेम दिले नाही, तर दुसऱ्याच डोमेनचे वैध प्रमाणपत्रही चालून जाते. दोन्ही वेळा मजकूर एन्क्रिप्टच होतो, प्रोग्राम सुरळीत चालतो, चाचण्याही पास होतात. म्हणूनच ही चूक वर्षानुवर्षे दडून राहते. चाचणीसाठी बंद केलेली पडताळणी तशीच प्रॉडक्शनला जाते, हेही नेहमीचेच.

त्यामुळे लेखमालेचा पहिला धडा एन्क्रिप्शनचा नाही, समोरच्याची ओळख पटवण्याचा आहे. एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या ३.५ आवृत्तीत क्वांटम संगणकाला तोंड देणारे एमएल-केईएमसारखे अल्गोरिदमही आहेत. त्यांची पाळी पुढे येईल. तोवर वाचकांनी आपल्या प्रत्येक सर्व्हरवरील आवृत्ती पाहून ठेवावी. १.१.१ चा सार्वजनिक आधार सप्टेंबर २०२३ मध्येच संपला आहे. आणि आपला क्लायंट चुकीच्या नावाच्या प्रमाणपत्राला नकार देतो का, याची एक चाचणी आजच लिहावी.