लग्न डिसेंबरात, हिशेब वर्षभराचा

चातुर्मास संपून कार्तिकी पौर्णिमा उलटली की समाजात विवाहांची धामधूम सुरू होते. अमेरिकेत नोकरी करणारे मुलगे नाताळच्या सुट्टीला जोडून रजा काढतात, लग्न करतात आणि जानेवारीत बहुधा एकटेच परततात, कारण नववधूचा व्हिसा व्हायचा असतो. परतल्यावर कार्यालयात वैवाहिक स्थितीतील बदल नोंदवताना मुलगा करकपातीचा फॉर्मही नव्याने भरतो. त्यावरील एका चौकोनातील खूण चुकली, तर वर्षअखेर काही हजार डॉलरचा भुर्दंड पडू शकतो.

भारतात पती आणि पत्नी यांची आयकर विवरणपत्रे नेहमी स्वतंत्र असतात. विवाहामुळे कुणाच्या पगारातील टीडीएस बदलत नाही. अमेरिकेत मात्र दांपत्याला संयुक्त विवरणपत्र भरता येते किंवा विवाहित असूनही स्वतंत्र भरता येते, आणि दोन्हींचे कराचे टप्पे वेगळे असतात. ३१ डिसेंबर रोजी जो विवाहित असेल, तो कायद्याच्या दृष्टीने संपूर्ण वर्ष विवाहित धरला जातो. डिसेंबरच्या अखेरच्या आठवड्यात लग्न झाले तरी हाच नियम लागू होतो.

पगारातून किती कर कापायचा हे मालकाला ज्या कागदावरून कळते, त्याचे नाव डब्ल्यू-४. त्याच्या पहिल्या भागात तीन चौकोन आहेत. ‘अविवाहित अथवा विवाहित पण स्वतंत्र विवरणपत्र’ हा पहिला, ‘विवाहित, संयुक्त विवरणपत्र’ हा दुसरा आणि कुटुंबप्रमुखाचा तिसरा. स्वतंत्र विवरणपत्र भरणाऱ्याचा चौकोन अविवाहिताचाच आहे, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. लग्नापूर्वीची खूण तशीच राहू दिली असती तर कपात योग्यच झाली असती. पण ‘विवाहित’ हा शब्द पाहून मुलगा दुसऱ्या चौकोनात खूण करतो, आणि तेथून तूट साचू लागते.

ही तूट आकड्यांत पाहावी. समजा, २०२४ या वर्षी एकाचा वार्षिक पगार १,००,००० डॉलर होता. संयुक्त विवरणपत्राची प्रमाणित वजावट २९,२०० डॉलर होती, तर स्वतंत्र विवरणपत्राची १४,६०० डॉलर. संयुक्त चौकोनाप्रमाणे वर्षभरात सुमारे ८,०३२ डॉलर संघीय आयकर कापला जातो. स्वतंत्र विवरणपत्र भरल्यास प्रत्यक्ष कर १३,८४१ डॉलर होतो. फरक ५,८०९ डॉलरचा. ही रक्कम एप्रिलमध्ये एकदम भरावी लागते, शिवाय कमी भरण्याबद्दल दंड लागू शकतो. तूट १,००० डॉलरपेक्षा कमी असेल, चालू वर्षाच्या कराचा ९० टक्के भाग वेळेवर जमा झाला असेल, किंवा मागील वर्षाच्या एकूण कराइतकी रक्कम जमा झाली असेल, तर हा दंड टळतो. मात्र स्वतंत्र विवरणपत्र भरणाऱ्याचे मागील वर्षाचे उत्पन्न ७५,००० डॉलरपेक्षा अधिक असल्यास मागील कराच्या ११० टक्के रक्कम जमा असावी लागते.

संयुक्त विवरणपत्रात कर इतका कमी दिसत असताना स्वतंत्र का भरावे? या प्रश्नाचे उत्तर व्यापारी कुटुंबांत अनेकदा सुनेच्या उत्पन्नात सापडते. पत्नी भारतातच राहत असेल आणि तिला अमेरिकेत उत्पन्न नसेल, तर तिला तेथे विवरणपत्र भरावे लागत नाही. पती स्वतंत्र विवरणपत्र भरतो. संयुक्त विवरणपत्र हवे असल्यास दोघांच्या सहीचे निवेदन देऊन पत्नीला करापुरते अमेरिकेची निवासी मानून घ्यावे लागते. मग तिचे जगभरचे उत्पन्न तेथे दाखवावे लागते. दुकानाचे भाडे, ठेवींवरील व्याज, शेअरवरील नफा, माहेरच्या पेढीतील भागीदारीचा हिस्सा, सर्व काही त्यात येते. पेढीने कर भरल्यामुळे भागीदाराच्या नफ्याच्या हिश्शावर भारतात पुन्हा कर लागत नाही. अमेरिकेच्या विवरणपत्रात मात्र तो हिस्सा दाखवावाच लागतो. हा पर्याय पुढील वर्षांनाही लागू राहतो आणि एकदा मागे घेतला की त्या दांपत्याला पुन्हा स्वीकारता येत नाही.

स्वतंत्र विवरणपत्राचेही तोटे आहेत. शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट मिळत नाही, आणि भांडवली तोटा इतर उत्पन्नातून वर्षाला ३,००० ऐवजी १,५०० डॉलरपर्यंतच वजा होतो. म्हणून दोन्ही बाजूंचा हिशेब मांडूनच निर्णय घ्यावा. स्वतंत्र भरलेले विवरणपत्र तीन वर्षांच्या आत दुरुस्त करून संयुक्त करता येते. संयुक्त भरलेले मात्र मुदत उलटल्यावर स्वतंत्र करता येत नाही. मन निश्चित नसेल तेव्हा हा भेद लक्षात ठेवावा.

चूक वर्षाच्या मध्यावर ध्यानात आली तरी ती सुधारता येते. नवा डब्ल्यू-४ कधीही देता येतो. वरील उदाहरणात पगार दर पंधरवड्याला, म्हणजे वर्षातून २६ वेळा होत असेल आणि जूनअखेर चूक कळली, तर तोवरची तूट सुमारे २,९०५ डॉलर असते. चौकोन दुरुस्त करावा आणि चौथ्या भागातील जादा कपातीच्या ओळीत २२४ डॉलर लिहावेत. उरलेल्या १३ पगारांत तूट भरून निघते. पगारातून कापलेला कर सामान्यतः वर्षभर समान हप्त्यांनी भरला असे मानले जाते, त्यामुळे उशिरा वाढवलेली कपातही दंडातून वाचवते. राज्याच्या आयकरासाठी वेगळा फॉर्म असेल तर तोही पाहावा.

पुढे सूनही तेथे नोकरीला लागली आणि दोघांनी स्वतंत्रच भरायचे ठरवले, तर दोघांनीही पहिल्याच चौकोनात खूण करावी. जोडीदाराच्या नोकरीसंबंधीचा दुसरा भाग संयुक्त विवरणपत्रासाठी असतो, स्वतंत्र भरणाऱ्यांनी तो त्या कारणाने भरू नये. एकाने तपशीलवार वजावटी घेतल्या तर दुसऱ्याला प्रमाणित वजावट मिळत नाही. मोठ्या पगारदारांनी आणखी एक गोष्ट पाहावी. मेडिकेअरचा ०.९ टक्के अतिरिक्त कर मालक २,००,००० डॉलरच्या पुढील पगारावर कापतो, परंतु स्वतंत्र विवरणपत्र भरणाऱ्याला तो १,२५,००० डॉलरपासूनच लागू होतो. मधल्या रकमेवरील करासाठी जादा कपात स्वतःच सांगावी लागते.

तत्त्वार्थसूत्रात अचौर्याणुव्रताच्या अतिचारांमध्ये विरुद्धराज्यातिक्रम गणला आहे. राज्याच्या नियमाचे उल्लंघन करून केलेला व्यवहार गृहस्थाच्या व्रताला दोष लावतो, असा त्याचा आशय. मुलगा ज्या देशी कमावतो त्या देशाच्या नियमालाही तो लागू पडतो. लग्नाची तिथी काढताना पंचांग पाहिले जाते. त्याच बैठकीत दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांनी सुनेचे भारतातील उत्पन्न कागदावर मांडावे, दोन्ही देशांचे नियम जाणणाऱ्या कर सल्लागाराला ते दाखवावे आणि विवरणपत्र कोणते भरायचे हे ठरवावे. फॉर्मवरील खूण त्यानंतर करावी.