‘अ‍ॅग्रेसिव्ह’ म्हणजे भारी? आधी मोजा!

प्रोजेक्टचं फोल्डर फुगलं की सीनियरचा सल्ला ठरलेला, ‘गिटला अ‍ॅग्रेसिव्ह रिपॅक मार, सगळं आटोपशीर होतं.’ तुम्ही मारताही. पण मोजता का?

रिपॅक करताना गिट अनेक जुन्या आवृत्त्या पूर्ण ठेवत नाही, दुसरीपासूनचा फरक तेवढा ठेवतं. फरकावर फरक, अशी साखळी बनते. साखळी लांब, तर जागा कमी. पण आवृत्ती उघडताना तेवढ्या कड्या उलगडाव्या लागतात. अ‍ॅग्रेसिव्ह पर्यायात ही मर्यादा वर्षानुवर्षं 250 होती. 2016 मध्ये लिनक्स कर्नलवर मोजमाप झालं. जागा वाचत होती किरकोळ, वाचनाचा वेळ मात्र वाढत होता. मर्यादा आली 50 वर, साध्या रिपॅकइतकीच!

म्हणून मित्रांनो, दर वेळी नवी कॉपी घ्या आणि तीन आकडे लिहा: रिपॅकचा वेळ, आकार आणि नंतर हिस्टरी शोधायला लागलेला वेळ. प्रत्येक चाचणी तीन-चारदा करा. एकदा वाचलेली फाइल मेमरीत राहते, त्यामुळे पहिला आकडा फसवा असू शकतो. रिपॅक कधीतरी होतं, हिस्टरी रोज वाचली जाते. सीनियरचा मान ठेवाच, पण निर्णय आकड्यांवर घ्या.