भांग, गांजा आणि अर्क

पावसाळ्यांत लोणावळ्यास किंवा मावळांतील एखाद्या गडावर निघालेल्या मुलाच्या तोंडीं ‘वॅक्स’, ‘ऑइल’ असे शब्द आले, तर ती शिवरात्रीची भांगच समजून वडील मंडळींनीं हंसून सोडूं नये, अशी आमची विनंती आहे.

झाड एकच, पण भांग म्हणजे त्याचीं पानें, गांजा म्हणजे मादी झाडाचे फुललेले शेंडे, आणि चरस म्हणजे त्यांवरील राळ. हीच राळ ब्यूटेनसारख्या द्रावकानें काढली कीं तेलासारखा वा मेणासारखा अर्क होतो. त्यांत मादक द्रव्य शेंकडा ६० च्याहि वर असूं शकतें. पोटांत घेतल्यास अंमल एक-दोन तासांनीं चढतो. ‘कांहींच झालें नाहीं’ म्हणून पुन्हां घेणारा फसतो. त्याच वेळीं घाटांतली गाडी त्याच्या हातीं असेल, तर परिणाम सांगावयास नको.

१९८५ च्या कायद्यानें हा अर्क चरसांतच मोजला आहे. गांजाचें ‘अल्प प्रमाण’ १००० ग्रॅम, चरसाचें अवघें १००. आणि शिक्षा अल्प प्रमाणासहि आहेच.

मूल घाबरलें, बरळूं लागलें, तर आधीं रुग्णालय गांठावें. काय, किती व केव्हां घेतलें तें डॉक्टरांपासून लपवूं नये. रागें भरावयास दुसरा दिवस आहेच.