वेगळ्या भांड्याचा अर्थ

परदेशात स्थायिक झालेल्या आपल्या बौद्ध कुटुंबांच्या वार्षिक जीवनात 14 एप्रिलची जयंती, वैशाख पौर्णिमा आणि धम्मचक्र प्रवर्तन दिन या तीन प्रसंगी वंदनेइतकेच महत्त्व सहभोजनाला असते. हे महत्त्व आम्हांला सर्वस्वी योग्य वाटते. ज्यांच्या आज्या-आजोबांना पंगतीबाहेर, उंबरठ्याच्या खाली, वरून वाढलेले अन्न घ्यावे लागले, त्यांची नातवंडे आज एका सभागृहात खांद्याला खांदा लावून जेवतात, यामागे महाडच्या 20 मार्च 1927 पासूनचा इतिहास उभा आहे. त्यामुळे या पंगतीतून आपल्याच समाजातील कोणी सुटत असेल, तर तो प्रश्न भोजन समितीवर सोपवून मोकळे होता येणार नाही.

अशा एका मुलीविषयी आम्ही येथे लिहीत आहोत. ती इंग्लंडमध्येच जन्मली, येथेच शिकली आणि आज तिशीच्या आत आहे. तिची अनुमती आम्ही घेतली आहे व ओळख पटेल असा तपशील टाळला आहे. तिला स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम आहे. तिला सीलिॲक हा विकार आहे. आणि तिचे प्रेम एका स्त्रीवर आहे. स्वतःसाठी ती 'क्वीअर' हा शब्द वापरते, व तो तिचा अधिकार आहे. यांपैकी पहिल्या दोन गोष्टींचा वैद्यकाशी संबंध येतो; तिसरीचा येत नाही. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 1973 साली आणि जागतिक आरोग्य संघटनेने 1990 साली समलैंगिकता आजारांच्या यादीतून वगळली. तरीही तिच्या वडिलांना एखादा 'चांगला डॉक्टर' सुचविणारे उच्चशिक्षित बांधव आपल्यात आहेत, म्हणून हे नोंदवावे लागते.

स्वमग्नतेचे निदान तिच्या बाराव्या वर्षी झाले आणि तेथून पुढे तिच्या प्रत्येक तक्रारीला तेच एक उत्तर मिळू लागले. पोट फुगते, दुखते. उत्तर मिळाले, की स्वमग्न मुलांना चिंता फार असते. थकवा येतो, रक्तातील लोह वाढत नाही. उत्तर मिळाले, की तिचे खाणे मोजकेच आहे, नखरे आहेत. पुढे तिने आपल्या मनातील व्यक्तीविषयी घरी सांगितले, तेव्हा नातलगांनी निदान केले की हेही त्या स्वमग्नतेतूनच आले असावे. तिला स्वतःचे मन कळते कोठे? एका शब्दाच्या आड माणूस कसा नाहीसा होतो, हे जातीच्या अनुभवामुळे आपल्याला वेगळे शिकविण्याची गरज नसावी. (जाता जाता: 'स्वमग्नता' हा मराठी शब्दच आम्हांला पटत नाही. ही मुलगी स्वतःत मग्न नाही. सभोवतालचा आवाज, प्रकाश, स्पर्श तिच्यापर्यंत आपल्यापेक्षा कितीतरी तीव्रतेने पोहोचतो. पण शब्द रूढ झाला आहे.) समलिंगी व लिंगभाव-भिन्न व्यक्तींचे प्रमाण स्वमग्न व्यक्तींमध्ये सर्वसाधारण समाजापेक्षा अधिक आढळते, हे गेल्या काही वर्षांच्या संशोधनातून पुढे आले आहे. परंतु अधिक आढळणे म्हणजे एकातून दुसरे उद्भवणे नव्हे, आणि तिचे प्रेम खोटे असणे तर मुळीच नव्हे.

सीलिॲकचे निदान व्हायला तिची एकविशी उजाडली. या विकारात गहू, जव आणि राय या धान्यांतील ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते. आतड्याचे अस्तर झिजते व अन्नातील सत्त्व अंगी लागत नाही. डिके या डच बालरोगतज्ज्ञाने गव्हाचा हा संबंध ओळखला. 1944-45 च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये पावाचा दुष्काळ पडला, तेव्हा त्याच्या मताला बळकटी मिळाली आणि 1950 साली त्याने प्रबंध सादर केला. ब्रिटनमध्ये सुमारे शंभरांत एकाला हा विकार असतो. तो गोऱ्यांचा आजार आहे, ही समजूत चुकीची आहे; उत्तर भारतात तो पुष्कळ आढळतो. रुग्णाच्या आईवडिलांत व भावंडांत सुमारे दहांत एकाला तो असू शकतो, म्हणून त्यांनीही रक्ततपासणी करून घ्यावी. मात्र तपासणीपूर्वी कोणी आपल्या मनाने गहू सोडू नये. किमान सहा आठवडे दररोज गहू खाण्यात असावा लागतो, नाहीतर खरा विकारही तपासणीत दिसत नाही. आणखी एक सांगायचे म्हणजे, गहू बंद केल्याने स्वमग्नता बरी होते, असा प्रचार अनेक पालकांपर्यंत पोहोचतो. त्याला भक्कम पुरावा नाही. ग्लुटेनविरहित आहार हे सीलिॲकचे औषध आहे, स्वमग्नतेचे नव्हे.

औषध म्हटले की ते घेणे सोपे वाटते. या मुलीच्या खाण्यात पूर्वी मोजून सहा-सात पदार्थ होते, आणि त्यांत आईची पोळी व एका ठरावीक प्रकारचा भाजलेला पाव हे मुख्य. ज्याच्यासाठी रोजचा तोच घास, तोच पोत, तीच चव हाच दिवसाचा आधार असतो, त्याच्याकडून एका चिठ्ठीनिशी तो काढून घेणे म्हणजे काय, हे आहारतज्ज्ञाच्या पत्रकात लिहिलेले नसते. ज्वारीच्या भाकरीचा खरखरीतपणा तिला सोसेना. बाजरीचा वासच नको. आठ महिन्यांनी तांदळाची उकडीची भाकरी तिने पत्करली, तीही एकाच जाडीची असेल तर. आमच्या पिढीने गरिबीची खूण म्हणून ज्वारी-नाचणी मागे टाकली आणि पोळीला प्रतिष्ठा दिली. आता त्याच धान्यांची पिठे आम्ही येथील दुकानांतून दुप्पट दराने आणतो, ही गंमत वेगळीच.

खरी अडचण पुढे आली, ती भांड्यांची. पावाच्या एका कापात काही ग्रॅम ग्लुटेन असते. रोज अवघे 50 मिलिग्रॅम पोटात गेले तरी काही महिन्यांत आतड्याला इजा होऊ शकते. म्हणून पोळपाट वेगळा, तवा वेगळा, पळी वेगळी, पुऱ्या तळलेल्या तेलात भजीही नको, आणि बाजारच्या ज्या हिंगात गव्हाचे पीठ असते तो हिंगही नको. हे ऐकून तिच्या आजी संतापल्या. "आमच्या घरात वेगळं भांडं? ज्याच्यासाठी जन्म गेला, तेच पुन्हा?" या संतापापुढे आम्ही क्षणभर निरुत्तर झालो, कारण त्यांनी बालपणी चहाच्या दुकानाबाहेर टांगलेली वेगळी कपबशी स्वतः धुऊन परत टांगली होती. त्यांना आम्ही जे सांगितले तेच येथे सांगतो. ती कपबशी वेगळी होती, कारण आपल्या स्पर्शाने दुसरे विटाळतील अशी त्यांची समजूत होती, आणि ती समजूत असत्य होती. हा तवा वेगळा आहे, कारण आपल्या पिठाने या मुलीला इजा होते, आणि ही इजा सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. त्या भांड्याने आपल्याला पंगतीबाहेर ठेवले. या भांड्यावाचून ती पंगतीत बसूच शकत नाही. आजींनी दुसऱ्याच आठवड्यात नवा तवा आणला आणि त्यावर लाल दोरा बांधला.

विनयपिटकातही भिक्खूने स्वतःसाठी अमुकच उत्तम अन्न मागू नये असा नियम असताना आजारी भिक्खूला त्यातून सूट दिलेली आहे. समतेसाठी सर्वांच्या पानात सारखेच वाढले पाहिजे, असे तथागतांनी मानले नाही.

तव्याचा प्रश्न सुटला, तरी जोडीदाराचा सुटला नाही. इंग्लंडमध्ये 2014 पासून दोन स्त्रियांचा विवाह कायदेशीर आहे, आणि तिने तो नोंदणी पद्धतीने केलाही. आईची इच्छा मंगल परिणयाची होती. परंतु तो विधी करण्यास पुढे येणारे कोणी भेटेना. शेवटी आईवडिलांनी घरीच तथागत आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांसमोर त्रिसरण-पंचशील म्हटले. हे पाश्चात्त्यांचे फॅड आहे, असे आम्हांला ऐकविण्यात आले. ज्यांना असे वाटते त्यांनी 1934 साल आठवावे. र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा कर्व्यांची बाजू बाबासाहेबांनी मांडली होती. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना मासिकाने दिलेली उत्तरे हा त्या खटल्याचा विषय होता, आणि त्या प्रश्नांत समलिंगी संबंधांचाही प्रश्न होता. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. परंतु बाबासाहेबांनी ते वकीलपत्र घेतले होते. दिल्ली उच्च न्यायालयाने 2009 साली समलिंगी संबंधांच्या बाजूने निकाल देताना संवैधानिक नैतिकतेविषयीच्या त्यांच्याच विवेचनाचा आधार घेतला. पुढे तो निकाल फिरला, आणि 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने कलम 377 चा तो जाच अखेर दूर केला.

तिला आपल्यासारख्यांची दुसरी संगत मिळेल असे म्हणावे, तर तेथेही दार अर्धेच उघडे. येथील समलिंगी तरुणांच्या भेटीगाठी बहुधा मद्यगृहांत, कर्कश संगीतात होतात. तेथला आवाज तिला सोसत नाही आणि बिअरमध्ये जव असतो. सीलिॲक रुग्णांच्या मेळाव्यात नवरा काय करतो, असा प्रश्न येतो. म्हणून ती पुनःपुन्हा आपल्याकडे येऊन पाहते. जयंतीला आली, तेव्हा ध्वनिक्षेपकाच्या आवाजाने तिला अर्ध्या तासात बाहेर जावे लागले, आणि तिच्या जोडीदाराची ओळख व्यासपीठावरून 'मैत्रीण' अशी करून देण्यात आली.

ब्रिटनच्या 2010 च्या समता कायद्यात जातीचा स्पष्ट उल्लेख व्हावा, यासाठी आपल्या संघटनांनी वर्षानुवर्षे प्रयत्न केले. 2013 साली संसदेने तशी तरतूद केली आणि 2018 साली सरकारने ती अमलात न आणण्याचे ठरविले. ती लढाई आपण सोडलेली नाही व सोडू नये. परंतु ज्या यादीत आपल्याला जागा हवी आहे, त्या यादीत अपंगत्व व लैंगिक कल ही दोन्ही नावे आधीपासून आहेत.

आमच्या मागण्या फार नाहीत. जयंतीच्या नोंदणीपत्रात आहाराचा रकाना असावा आणि 'पती/पत्नी' ऐवजी 'जोडीदार' असावे. भात, वरण व एक भाजी यांत गव्हाचा अंश नसावा; ती भांडी झाकून वेगळ्या मेजावर, स्वतंत्र पळीसह ठेवावीत आणि ज्यांना ती लागतात त्यांना पहिल्यांदा वाढावे. वैशाख पौर्णिमेची खीर शेवयांची न करता तांदळाची करावी. सुजाताच्या खिरीची परंपरा आपण तांदळाचीच सांगतो. सभागृहालगतची एक खोली शांत, मंद प्रकाशाची, ध्वनिक्षेपकाविना ठेवावी. तिचा उपयोग लहान मुलांना आणि आमच्यासारख्या उतारवयाकडे झुकलेल्यांनाही होईल. आणि मंगल परिणयाबाबत पूज्य भन्तेंसह एक बैठक घ्यावी. या आशयाचे पत्र आम्ही चिटणीसांकडे दिले असून, पुढील कार्यकारिणीत ते वाचले जावे, अशी विनंती केली आहे. त्यावर त्या मुलीची, तिच्या जोडीदाराची व आजींचीही सही आहे.